दोन गृहिणींची संगणक कंपनी



संगणकाचा इतिहास म्हटलं की गॅरेजमध्ये खटपट करणारी मुलं आठवतात. मी आज दोन गृहिणींबद्दल बोलणार आहे.

१९७६ साली कॅलिफोर्नियात लोरे हार्प आणि कॅरोल एली यांनी ६,००० डॉलर भांडवलावर ‘व्हेक्टर ग्राफिक’ कंपनी सुरू केली. लोरे यांचे पती बॉब अभियंते. संगणकात बसवायचा मेमरी बोर्ड त्यांनी तयार केला होता. धंदा उभा केला तो या दोघींनी. १९७७ मध्ये कंपनीचा स्वतःचा संगणक आला. अध्यक्षपदी लोरे होत्या. १९८१ मध्ये शेअर बाजारात आले, १९८२ मध्ये विक्री साडेतीन कोटी डॉलरच्या पुढे गेली.

पण ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला होता. गिऱ्हाईक त्याच्याशी जुळणारी यंत्रं मागू लागलं. व्हेक्टरची यंत्रं तशी नव्हती. १९८५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. अॅडम ऑस्बोर्न या पुरुषाची कंपनी तर १९८३ मध्येच दिवाळखोरीत गेली होती.

हे का सांगते? पुरुषाचा धंदा बुडाला की बाजार वाईट. बाईचा बुडाला की ‘बायकांना जमत नाही’. आपल्या गटाचा पापडाचा उद्योग बंद पडला की हेच ऐकतो, आणि आपणही मान डोलावतो.

पुढच्या बैठकीत वही काढू या. भांडवल किती होतं, माल कोणी अडवला, गिऱ्हाईक कुठे गेलं, सगळं लिहू. आपण लिहिलं नाही, तर दुसरे लिहितील ते कारण आपल्या माथी बसेल.