नकारापूर्वीचा प्रश्न



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते मुलाला शिक्षा करण्यापूर्वी ‘तुझे म्हणणे काय?’ असे अवश्य विचारीत. आजचे माझे विवेचन या एका प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

२०१८ साली करोंदच्या मंडीत अडत चालविणारे एक गृहस्थ माझ्याकडे एक पत्र घेऊन आले. त्यांचा मुलगा याच शाळेचा विद्यार्थी. कुशल व्यावसायिक म्हणून तो इंग्लंडला गेला, आणि पुढे कायम वास्तव्याचा त्याचा अर्ज नाकारला गेला. व्हिसाच्या अर्जातील उत्पन्न आणि करविवरणातील उत्पन्न जुळत नव्हते. सबब अर्जदार अप्रामाणिक. त्याला आधी काहीही विचारलेले नव्हते. मी वकिली ऐटीत म्हणालो, “दादासाहेब, न्यायालय व्हिसा मिळवून देईल.”

माझे हे आश्वासन चुकीचे होते. न्यायिक पुनर्विलोकनात न्यायाधीश अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसत नाहीत. निर्णय कायद्याला धरून व न्याय्य पद्धतीने झाला की नाही, एवढेच ते पाहतात. दोष आढळल्यास निर्णय रद्द होतो आणि अर्ज पुन्हा त्याच खात्याकडे जातो. २०१५ पासून इंग्लंडमध्ये अशा बहुतेक अर्जांना रीतसर अपील उरलेले नाही. प्रथम खात्यांतर्गत फेरतपासणी, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाची परवानगी मागावयाची. अमेरिकेत तर वकिलातीने दिलेला नकार न्यायालये सहसा तपासीतच नाहीत. २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितले.

पुढे एप्रिल २०१९ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने अशाच चार अर्जदारांच्या प्रकरणांत निवाडा दिला. अप्रामाणिकपणाचा संशय असेल, तर तो आधी अर्जदाराला कळवा, त्याचे स्पष्टीकरण ऐका आणि मगच ठरवा, असे न्यायालयाने सांगितले. आकड्यांतील तफावत म्हणजे लबाडीच, असे गृहीत धरता येत नाही.

आपल्याला हे नवे नाही. जुलै १९७७ मध्ये मेनका गांधींचे पारपत्र ‘सार्वजनिक हितासाठी’ जप्त झाले आणि कारणे देण्यास सरकारने नकार दिला. २५ जानेवारी १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी निकाल दिला. आपले यशवंतराव चंद्रचूड त्यांच्यापैकी एक. पुढच्याच महिन्यात ते सरन्यायाधीश झाले. परदेशप्रवासाच्या हक्कावर घाला घालणारी कार्यपद्धती न्याय्य व वाजवीच असली पाहिजे, हे त्या निकालाने प्रस्थापित झाले. मात्र पारपत्र परत देण्याचा हुकूम न्यायालयाने केला नाही, हे आपण सहसा विसरतो. म्हणणे ऐकून घेण्याची हमी सरकारने दिली आणि अर्ज तेवढ्यावर निकाली निघाला. एवढ्यासाठीच का सारा खटाटोप, असे विद्यार्थिदशेत मला वाटे. अडतीवाल्या दादासाहेबांनीही मला नेमके हेच विचारले होते.

त्या मुलाच्या करविवरणातील चूक हिशेबनिसाची होती की त्याची स्वतःची, हे मला आजही ठाऊक नाही. परंतु २०१९ च्या अखेरीस खात्याकडून दुसरे पत्र आले. त्यात नकार नव्हता, प्रश्न होते. त्यांची उत्तरे लिहिण्यासाठी मी, दादासाहेब आणि दूरध्वनीच्या पलीकडे तो मुलगा, असे तिघे जण तीन रात्री जुन्या पावत्या लावीत बसलो होतो.