भार वाहणाऱ्या ड्रोनची मोटर : निवड आणि वीजपुरवठा



आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडील या कोरडवाहू पट्ट्यात मोटर म्हटली की विहिरीवरील पंपाची मोटर डोळ्यांसमोर येते. तिची अश्वशक्ती, तिचे तापणे आणि वाइंडिंग जळणे यांची जाण येथील शेतकऱ्यास आहे. भार उचलणाऱ्या ड्रोनच्या मोटरीही याच जाणिवेने पारखता येतात.

या यंत्राची गरज खरी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. विषारी तुषारांपासून माणूस दूर ठेवणे, हा ड्रोनचा पहिला लाभ होय. भार उचलण्याची क्षमताही वाढत आहे. पुण्याच्या सागर डिफेन्स इंजिनीअरिंग या कंपनीचा, माणसास वाहून नेण्यासाठी बनविलेला ‘वरुणा’ ड्रोन जुलै २०२२ मध्ये नवी दिल्ली येथे पंतप्रधानांसमोर सादर झाला. त्याची भारक्षमता १३० किलोग्रॅम सांगण्यात आली.

आधी वजन, मग पंखा, नंतर मोटर

निवडीचा प्रारंभ मोटरीपासून नव्हे, तर एकूण वजनापासून करावयाचा असतो. पंखे तेच ठेवून वजन दुप्पट केले, तर अधांतरी राहण्यास लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, सुमारे २.८ पट होते. म्हणून जड ड्रोनला मोठ्या व्यासाचे, संथ फिरणारे पंखे हवेत. त्यांना एका व्होल्टमागे कमी फेरे घेणारी, परंतु अधिक पीळ देणारी मोटर शोभते. छोट्या ड्रोनची वेगवान मोटर मोठ्या पंख्यास जोडल्यास ती तापून निकामी होते.

एक उदाहरण घ्यावे. १० लिटरची भरलेली टाकी आणि बॅटरी यांसह २५ किलो वजनाचा, ३० इंची सहा पंख्यांचा ड्रोन अधांतरी राहण्यास सुमारे पावणेतीन किलोवॅट, म्हणजे साडेतीन ते चार अश्वशक्ती घेतो. प्रत्येक मोटरीवर चार किलोहून थोडा अधिक भार येतो. परंतु तिची कमाल उचल निदान त्याच्या दुप्पट, आठ-नऊ किलो असावी. वाऱ्याचा झोत, उन्हाळ्यातील विरळ हवा किंवा एखाद्या मोटरीचा बिघाड अशा वेळी हीच शिल्लक उपयोगी पडते.

खरी मर्यादा बॅटरीची

एवढी शक्ती २२ व्होल्टवर द्यावयाची तर सुमारे १२५ अँपिअर प्रवाह लागतो; ४४ व्होल्टवर तो निम्मा होतो आणि त्याच तारांतील उष्णता चौथाईवर येते. यास्तव मोठ्या ड्रोनमध्ये बारा किंवा अधिक सेल एकसरीत जोडतात. अशी २२ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे साडेपाच किलो भरते, आणि तिच्यात जेमतेम एक युनिट वीज मावते. त्यातील ८० टक्केच वापरणे हिताचे असल्याने पूर्ण भारासह उड्डाण सतरा मिनिटांच्या आसपास संपते. बॅटरी वाढवावी, तर तिचेच वजन उचलावे लागते.

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५,००० महिला बचत गटांसाठी किमतीच्या ८० टक्के, कमाल आठ लाख रुपये साहाय्य ठरले. त्या संचात बॅटरीचे चार जादा संच समाविष्ट करण्यात आले, ते दिवसभरात २० एकर फवारणी साधावी म्हणून.

ड्रोन खंड न पडता चालवावयाचा, तर बॅटऱ्याही त्याच गतीने भरल्या पाहिजेत. एक संच वीस मिनिटांत भरण्यास अडीच ते तीन किलोवॅट, म्हणजे एका लहान शेतीपंपाएवढा भार पडतो. शेतीपंपांची वीज आळीपाळीने, ठराविक तासच येते. घरगुती जोडणीची तार हा भार पेलेलच असे नाही. म्हणून बचत गटाने ड्रोनची किंमत विचारण्यापूर्वी मंजूर वीजभार, तारेची जाडी आणि दिवसाचा पुरवठा यांची निश्चिती करावी. तापलेली बॅटरी थंड होईपर्यंत भरू नये. फुगलेली वापरू नये. कोणतीही बॅटरी कडब्याच्या गंजीजवळ ठेवू नये.

विहिरीत पाणी किती, हे पाहूनच शहाणा शेतकरी पंप घेतो. ड्रोन घेतानाही आधी विजेचा हिशेब मांडावा; मोटरीची अश्वशक्ती त्यानंतर पाहावी.