धर्मशाळा कोणाच्या नावावर?
(विहाराच्या वर्धापनदिनी वडवणी येथे केलेले भाषण)



आम्ही बोलायला पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा हा विषय घेतला, तेव्हा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "विठोबाच्या गावचं इथं काय काढता?" काम आहे, म्हणून काढतो.

आपले आजे-पणजे वारीला जायचे. ते लपवून काय करायचे? आषाढी म्हणजे ऐन पावसाचे दिवस. गावात जातीजातीच्या धर्मशाळा, पण आपल्या माणसाला कोणाच्या ओट्यावर टेकायची सोय नव्हती. दर्शन चोखोबाच्या समाधीपाशीच संपायचे. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, तेव्हा मंदिराचे दार उघडले. तोवर मुक्काम कुठे, तर चंद्रभागेच्या वाळवंटात, डोक्यावर घोंगडी घेऊन.

ही अडचण गाडगेबाबांनी ओळखली. बाबा जातीने परीट, शाळेचे तोंड न पाहिलेले. हातात खराटा, दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर इथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात आपल्या माणसांसाठी बांधली ती चोखामेळा धर्मशाळा. एवढ्या इमारती बांधणारा माणूस स्वतः मात्र झोपडीत राहिला.

आता मुख्य मुद्दा. ८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुढे गाडगेबाबांनी ही धर्मशाळा त्या संस्थेला देऊन टाकली, पोरांच्या वसतिगृहासाठी. बरे, दिली कोणाला? ज्यांनी १९३५ साली येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले होते, त्यांना! बाबांनी धर्म पाहिला नाही, पोरगं शिकेल का एवढंच पाहिलं. मालक बदलला, पण जिच्यासाठी भिंती उभ्या राहिल्या ती माणसं तीच राहिली. १९५६ च्या डिसेंबरात ६ तारखेला बाबासाहेब गेले, २० तारखेला गाडगेबाबा.

आता आपल्या विहारामागच्या खोलीकडे या. वर्गणी काढून, रविवारी श्रमदान करून आपण ती बांधली. दसरा झाला की आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, मागे राहिलेली दोन-चार पोरं तिथं अभ्यास करतात, झोपतात. समितीत आता बोलणे निघाले आहे की रस्त्याकडची बाजू आहे, दुकानाला भाड्याने द्यावी, उत्पन्न होईल. होईल, आम्ही नाही म्हणत नाही. दिवाबत्तीलाही पैसा लागतो. पण मग दिवाळीनंतर ती पोरं कुठं जातील, ते ज्यांनी सूचना मांडली त्यांनी सांगावे.

आणखी एक. खोली अजून एका कार्यकर्त्याच्या नावावर आहे. माणूस चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या मागे वारस आहेत. ती संस्थेच्या नावावर करून घ्या. पुढच्या पौर्णिमेच्या बैठकीला कागद आणा, सही करायला आम्ही पहिले येतो.

जयभीम, नमो बुद्धाय.