पायाखालचे गवत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. माझी शाळा सातवीला सुटली. पण चिटणीसबाईंनी आग्रह धरला, "तुमची लेक रस्त्यावरचे गवत गोळा करते ते कशासाठी, हे तुम्हीच एकदा सांगा." तेव्हा तिच्याकडून ऐकलेले, मला समजले तेवढे, सांगते.

आधी माझी चूक सांगते. थोरली मुलगी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेऊन शिकते. गेल्या वर्षी दसरा काढायला घेतला, तेव्हा गच्चीवर तेलाचे जुने डबे दिसले. त्यांत गटाराकडेचा दगडी पाला लावलेला. मला वाटले, कचरा. मी सगळा उपटून टाकला. संध्याकाळी पोरीने रिकामे डबे पाहिले आणि ती न जेवता निजली. चार महिन्यांची मोजणी त्या डब्यांत होती. दुसऱ्या दिवशी तिच्यापाशी बसले नि म्हटले, "आता सांग, मी काय टाकले?"

तिने फ्रान्समधल्या माँपेल्ये शहराची हकीकत सांगितली. तिथे पिएर-ऑलिव्हिए शेप्तू नावाचे शास्त्रज्ञ आहेत. रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्याशी मातीचा जो लहानसा चौकोन असतो, त्यात एक पिवळ्या फुलाचे तण उगवते. आपल्या दगडी पाल्याच्याच कुळातले. त्याच्या एकाच फुलात दोन तऱ्हांचे बी धरते. एक हलके, आपण मुलांना 'म्हातारी' म्हणून दाखवतो तसे उडणारे. दुसरे जड, जागच्या जागी पडणारे. रानात उडणारे बी नव्या जागी रुजते. शहरात मात्र चौकोनाबाहेर सगळे सिमेंट. तिथे पडले की गेले. जड बी आईच्या पायाशी पडते आणि जगते. मग दरवर्षी जगलेल्यांचीच पुढची पिढी. असे होता होता शहरातल्या रोपांत जड बियांचे प्रमाण वाढले.

पण हा मातीचा गुण नसेल कशावरून? म्हणून शेप्तूंनी शहरातले आणि रानातले बी आणून एकाच ठिकाणी, सारख्या मातीपाण्यावर वाढवले. दोन घरची मुले एका घरात वाढवली, की खोड अंगची की घरची ते कळते ना, तसेच हे. फरक राहिलाच. म्हणजे तो जातीत उतरला होता. आणि त्याला युगे लागली नाहीत. 5 ते 12 पिढ्या पुरल्या, असा त्यांचा हिशेब 2008 साली प्रसिद्ध झाला. हे तण वर्षायु. म्हणजे 5 ते 12 वर्षेच. माझ्या संसाराहून कमी काळ!

दुसरे शास्त्रज्ञ कॅनडातल्या टोरांटो विद्यापीठातले, मार्क जॉन्सन. झाडे आणि त्यांना खाणारे किडे हा त्यांचा मूळ विषय. त्यांनी घेतला पांढरा क्लोव्हर, तीन पानांचा, आपल्या बरसीम घासाच्या जातकुळीतला. याची काही रोपे पान चावले गेले की विष सोडतात. आमच्या माहेरी कोवळ्या ज्वारीत बैल शिरला की वडील काठी घेऊन धावत. तेच हे विष. जॉन्सन, केन थॉम्पसन आणि सहकाऱ्यांना टोरांटो, न्यूयॉर्क आणि बोस्टन या शहरांत दिसले, की बाहेरून शहराच्या मध्याकडे यावे तसतशी विषारी रोपे कमी. शहरात किडे कमी म्हणून विषाची गरज नसेल, असे वाटावे. तपासले, तर ते कारण नव्हे. खरे कारण थंडीत सापडले. बर्फ म्हणजे जमिनीवरची गोधडी. शहरात ती लवकर वितळते, आणि उघडी जमीन रात्री गोठते. गारठ्याने पान फुटले, की विषारी रोपाला स्वतःचेच विष बाधते. माँट्रियलला बर्फ जास्त. तिथे हा फरक दिसला नाही. ही गोष्ट 2016 ची.

पुढे जॉन्सन, रॉब नेस आणि जेम्स सँटँजेलो यांनी जगभरच्या शास्त्रज्ञांना हाक दिली. 287 जण मिळाले. 26 देशांतल्या 160 शहरांतून 1,10,019 रोपे गोळा झाली. 2022 साली निष्कर्ष छापून आला: दूरदूरच्या शहरांच्या मध्यभागी परिस्थिती एकमेकींसारखी होत चालली आहे, आणि अनेक ठिकाणी क्लोव्हर तिच्याप्रमाणे बदलतो आहे. सोने नाही, औषध नाही, गवताची पाने! पण आपण बांधलेला रस्ता बी कसे धरायचे हेसुद्धा बदलतो, हे अशा मोजणीतूनच कळले.

हे ऐकताना मला माझीच भीती वाटली. पोरीला एम.एस्सी.ला परगावी जायचे आहे. घरात स्थळांची बोलणी चाललेली. मी म्हटले, "उडालेले बी सिमेंटवर पडते, तूच सांगितलेस." ती म्हणाली, "आई, बियाला जागा निवडता येत नाही. मला येते." मला उत्तर सुचले नाही. सातवीनंतर मला कुणी विचारलेच नव्हते. आम्ही उभयतांनी ठरवले आहे, स्थळे दोन वर्षे थांबतील.

शेवटी एक मागणे. दर महिन्याच्या श्रमदानात आपण मंडळाच्या भिंतीकडेचे सगळे उपटतो. त्यातले दोन हात एवढे या पावसाळ्यापुरते राहू द्या. डबे मी भरून दिले, पण मोजणी तिला नव्याने करायची आहे. तिथे कुणी वाकून बसलेली दिसली, तर "काय हरवले?" म्हणून विचारू नका. शेजारी बसा आणि काय सापडले ते विचारा.