श्वासाची तोटी

(वसंत व्याख्यानमालेत गुंफलेल्या पाचव्या पुष्पाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेत माझा विषय छापून आला, ‘स्कूबाचा रेग्युलेटर कसा निवडावा’. ती वाचून शेजारच्या काकूंनी मला जिन्यात अडवलं. म्हणाल्या, “म्हणजे गॅसचाच ना?” मी हसलो आणि वर गेलो. रात्री भाषणाची टिपणं काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं, काकूंचं फारसं काही चुकलेलं नाही.

स्वयंपाकघरातला सिलिंडर डोळ्यांपुढे आणा. त्यात गॅस दाबून भरलेला असतो. तो तसाच्या तसा शेगडीला जोडला तर चहा नाही, घर पेटेल. म्हणून त्याच्या डोक्यावर ती रेग्युलेटरची चकती टक्कन बसवतात. आतला दाब कितीही असो, बाहेर ती साधारण ३० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढाच दाब सोडते. टाकी नुकतीच भरून आलेली असो की संपत आलेली असो, ज्योत सारखीच.

स्कूबाची बुडी मारणाऱ्याच्या पाठीवरच्या टाकीत हवा असते, २०० बार दाबाची. आपण रोज श्वास घेतो त्या हवेच्या दोनशे पट. ती थेट तोंडात घेणं अशक्य. म्हणून दोन टप्पे. टाकीच्या तोंडाशी बसतो तो पहिला टप्पा, फर्स्ट स्टेज. तो २०० बारांचे नऊ-दहा बार करतो, म्हणजे आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा तेवढे जास्त. तिथून नळी तोंडापर्यंत येते. तोंडात धरतो तो दुसरा टप्पा, सेकंड स्टेज. तुम्ही ओढलं की हवा देतो, ओढणं थांबलं की बंद.

गॅसच्या चकतीला मात्र एक काम करावं लागत नाही, ते हा करतो. पाण्यात दर १० मीटरला दाब एका बाराने वाढतो. १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. छातीवर बाहेरून जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा आत मिळाली तर फुफ्फुसं फुलतात, नाही तर फुलत नाहीत. म्हणून प्रत्येक श्वासाला याला खोली ओळखून हवा द्यावी लागते. त्याचा हिशेबही होतो. १२ लिटरच्या टाकीत २०० बारांनी २४०० लिटर हवा मावते. मिनिटाला २० लिटर धरले तर काठावर ती दोन तास पुरेल. १० मीटरवर एक तास. २० मीटरवर ४० मिनिटं, आणि त्यातलीही काही राखून वर यायचं असतं.

आता काकूंचं म्हणणं इतिहासानेही कसं खरं ठरतं ते बघा. फ्रान्समध्ये १८६० च्या सुमारास बेन्वा रुकेरोल नावाचा खाण-अभियंता होता. विषारी वायू भरलेल्या खाणीत उतरणाऱ्यांसाठी त्याने मागणीनुसार हवा देणारी झडप बनवली, आणि ऑग्युस्त देनेरूझ या नौदल अधिकाऱ्याबरोबर ती पाण्याखाली नेली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतल्या कॅप्टन नेमोची माणसं समुद्राच्या तळावर चालतात ती हीच यंत्रणा सुधारून घेऊन. हा नेमो मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र, हे व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत उघड केलं. तेव्हा पाठीवर हवा घेऊन समुद्रात हिंडणारा साहित्यातला एक आद्य नायक आपल्याच देशातला निघाला!

पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना. लोक मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवू लागले. एमिल गान्यां हा अभियंता त्या गॅससाठी एक छोटी झडप तयार करत होता. फ्रेंच नौदल अधिकारी झाक-इव्ह कुस्तो त्याच्याकडे आला, आणि मोटारीची झडप माणसाच्या तोंडाला लागली. १९४३ च्या जानेवारीत मार्न नदीच्या गारठलेल्या पाण्यात पहिली परीक्षा झाली. आडवं पोहताना ठीक चाले. उभं राहिलं की हवा फुकट वाहून जाई, डोकं खाली केलं की ओढावी लागे. कारण हवा यायची जागा आणि उच्छ्वास जायची जागा वेगवेगळ्या पातळीवर, म्हणजे वेगवेगळ्या दाबात होत्या. दोन्ही एकमेकांशेजारी आणल्या आणि प्रश्न सुटला. आजच्या रेग्युलेटरमध्येही हवा देणारा रबरी पडदा आणि उच्छ्वास सोडणारी झडप जवळजवळच असतात.

हे एवढं सविस्तर सांगतो आहे, कारण विकत घ्यायला गेलं की विक्रेता पहिल्यांदा रंग दाखवतो, मग वजन, मग टायटॅनियम. त्यावेळी वस्तूचं मूळ काम आपल्या डोक्यात पक्कं असलेलं बरं.

पहिली धास्ती सगळ्यांना एकच असते. खाली असताना हा बंद पडला तर? बहुतेक रेग्युलेटर असे घडवलेले असतात की बिघडले तर हवा कोंडत नाहीत, सोडत सुटतात. कुकरचं उदाहरण घ्या. शिट्टी अडकली तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, वाफ मोकळी होते; वरण सांडतं, कुकर फुटत नाही. इथेही आतला दाब फाजील वाढला की सेकंड स्टेजची झडप दाबाच्या दिशेने आपोआप उघडते. धो धो बुडबुडे येतात, पण त्यातूनही श्वास घेता येतो. टाकी मात्र बघता बघता रिकामी होते, म्हणून शांतपणे वर निघायचं. याशिवाय जोडीदाराला देण्यासाठी पिवळ्या नळीचा आणखी एक सेकंड स्टेज असतोच. त्याला ऑक्टोपस म्हणतात. तो स्वस्तातला घेऊ नका. त्याची गरज पडेल त्या दिवशी तो घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडात असणार आहे.

आता दुकानात चला. फर्स्ट स्टेजचे दोन प्रकार, पिस्टन आणि डायफ्रॅम. पिस्टनवाल्यात हलणारे भाग थोडे, यंत्र मजबूत. पण बहुतेकांत समुद्राचं पाणी स्प्रिंगपर्यंत जातं. डायफ्रॅमवाल्यात रबरी पडदा पाणी बाहेर अडवतो, भाग जरा जास्त. बंदिस्त, म्हणजे सील केलेला असेल तर मीठ आणि गाळ आत जातच नाही. दुसरी निवड बॅलन्स्ड की अनबॅलन्स्ड. बॅलन्स्डमध्ये टाकी संपत आली तरी श्वास सारखाच हलका येतो, काकूंच्या ज्योतीसारखा. अनबॅलन्स्डमध्ये शेवटी शेवटी थोडा जड होतो. आपल्याकडच्या दहा-पंधरा मीटरच्या बुड्यांना तोही चालतो. स्कूबाप्रोचा एमके-२ हा साधा अनबॅलन्स्ड पिस्टन जगभर शिकवण्या घेणाऱ्यांनी वर्षानुवर्षं वापरला आहे.

परदेशी मासिकं थंड पाण्याबद्दल फार लिहितात. तेही खोटं नाही. दाबातली हवा एकदम सैल झाली की गार पडते, आणि दहा अंशांखालच्या पाण्यात फर्स्ट स्टेजमध्ये बर्फ धरून रेग्युलेटर वाहत सुटू शकतो. पण मालवणच्या समुद्रात बर्फाची काळजी करणं म्हणजे मे महिन्यात रजई घेण्यासारखं. आपला शत्रू वेगळा आहे: मीठ, गाळ, वाळू आणि बोटीच्या टपावरचं ऊन. म्हणून आपल्या पाण्यासाठी मला विचाराल तर सील केलेला, बॅलन्स्ड डायफ्रॅम. बर्फासाठी नव्हे, गाळासाठी.

जोडणीचंही बघा. योक म्हणजे टाकीच्या व्हॉल्व्हला कवटाळणारा शिकंजा. डिन म्हणजे आट्यांनी आत बसणारा. डिन अधिक पक्का, ३०० बारांपर्यंतचा मिळतो, आणि त्याची ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारी रबरी कडी, आत सुरक्षित राहते. पण जिथे बुडी मारणार तिथल्या टाक्या कोणत्या आहेत हे आधी विचारा, नाही तर अडॅप्टर शोधत काठावर बसाल. शेवटी अंगावरचा शिक्का वाचा. ईएन २५० ही युरोपीय कसोटी आहे. यंत्राने ५० मीटरच्या दाबात मिनिटाला साडेबासष्ट लिटर हवा ओढतात आणि श्वासाचे कष्ट मोजतात. लिटरमागे ३ ज्यूलच्या वर गेले की नापास. साडेबासष्ट म्हणजे धावत जिने चढणाऱ्याचा श्वास. दुकानदाराच्या ‘एकदम स्मूथ’पेक्षा हा शिक्का मोलाचा.

इथवर आलात की चार-पाच रेग्युलेटर उरतील, सगळे चांगले. कुठला घ्यायचा? याचं उत्तर मला पैसे घालवून मिळालं.

बेचाळिसाव्या वर्षी मी तारकर्लीला पहिली बुडी मारली आणि नादाला लागलो. बँकेतला माणूस, हिशेबी. परदेशातल्या एका दुकानात सवलत होती. मित्र येणार होता, त्याच्याकडून रेग्युलेटर मागवला. दिसायला देखणा, नावाजलेल्या कंपनीचा, इथल्यापेक्षा किती तरी स्वस्त. मालवणात ज्यांच्या होडीवर मी शिकलो, त्या आमच्या तात्यांना कौतुकाने दाखवला. त्यांनी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि एवढंच म्हणाले, “वस्तू कोणय इकता. ती उघडतलो कोण, ता आधी बघ.”

दोन हंगाम छान गेले. तिसऱ्या वर्षी होडीवर टाकी उघडली, दहा-पंधरा सेकंद शांतता, आणि मग सेकंड स्टेजमधून बारीक फुसफुस सुरू. तात्यांनी दाबमापक लावला. काटा साडेनऊवर थांबायला हवा होता. तो दहा, अकरा, बारा असा हळूहळू चढत गेला. आतली बैठक झिजली होती. बैठक म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी प्लॅस्टिकची चकती, ज्यावर २०० बार अडतात. ती बटणाएवढी वस्तू मला मिळेना. कंपनी सुटे भाग फक्त अधिकृत कारागिराला देते, आणि त्या कंपनीचा कारागीर आमच्या पंचक्रोशीत नव्हता. विकणाऱ्या दुकानाने पत्राला उत्तर दिलं नाही. कुरियरच्या फेऱ्यांत हंगाम गेला, आणि सवलतीत वाचलेले पैसे दुपटीने गेले.

आमच्या आईने आयुष्यात एकच मिक्सर घेतला. दुकानात तिचा पहिला प्रश्न असे, “दुरुस्ती कुठे होते?” तिला मोटारीचे वॉट कळत नव्हते, हे कळत होतं. रेग्युलेटर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे दर वर्षी किंवा दोन वर्षांनी, नाही तर ठरावीक बुड्यांनंतर, पूर्ण उघडून साफ करावा लागतो, ओ-रिंगा आणि बैठका बदलाव्या लागतात. म्हणजे तुम्ही वस्तू एकदा घेता आणि कारागीर दहा-पंधरा वर्षांसाठी. मग आधी कारागीर शोधा. तो कोणत्या कंपनीचा रेग्युलेटर डोळे मिटून उघडतो ते विचारा, आणि तो घ्या. सगळ्यात भरवशाचा रेग्युलेटर कोणता, याचं माझं उत्तर एवढंच.

जुना घेणार असाल तर या परीक्षा करा. टाकीला न जोडता, फर्स्ट स्टेजचं झाकण बंद ठेवून तोंडाने ओढा. हवा यायला नको, ओठ खेचले गेले पाहिजेत. आली तर कुठे तरी पडदा फाटला आहे किंवा उच्छ्वासाच्या झडपेत वाळू आहे. मग टाकीला जोडून नळीतल्या दाबाच्या मापकाचा काटा पाच मिनिटं बघत राहा. श्वासाला किंचित झुकून त्याने जागेवर यावं आणि थांबावं. मग बादली. सेकंड स्टेज, माउथपीस वर करून, हळूहळू पाण्यात उतरवा. रबरी पडदा तीन-चार सेंटिमीटर खाली गेला की फुस्स आवाज यावा. काकूंची चकती ३० सेंटिमीटरचा दाब देते, हा तीन-चार सेंटिमीटरच्या ओढीवर उघडतो. इतकी नाजूक वस्तू आहे ही.

आणि फर्स्ट स्टेजच्या तोंडातली जाळी बॅटरीच्या उजेडात बघायला विसरू नका. चकचकीत असेल तर उत्तम. हिरवट असेल तर खारं पाणी आत गेलं आहे. तांबूस असेल तर कुठल्या तरी लोखंडी टाकीचा गंज. काळी असेल तर कॉम्प्रेसरचा धूर किंवा तेल. विकणारा काहीही सांगो, मागच्या मालकाची सगळी कुंडली त्या करंगळीच्या नखाएवढ्या जाळीत लिहिलेली असते.

तुमच्यापैकी बहुतेक जण रेग्युलेटर कधीच विकत घेणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण सुट्टीत मुलांना घेऊन तारकर्लीला, गोव्याला जाल आणि कुणी तरी तुमच्या तोंडात तो देईल. तेव्हा पाण्यात उतरण्याआधी दोन-चार श्वास घ्या आणि घेताना टाकीच्या दाबाच्या घड्याळाकडे बघा. प्रत्येक श्वासाला काटा खाली-वर हलत असेल तर टाकी नीट उघडलेली नाही, किंवा ती जाळी तुंबली आहे. “दादा, काटा हलतोय” एवढं म्हणायला लाजू नका. आणि शेवटचं सर्व्हिसिंग कधी झालं, हेही विचारा. चांगला माणूस चिडत नाही, वही काढून दाखवतो.

मी शेवटी तो देखणा रेग्युलेटर विकून टाकला, दोष सांगून. दुसरा घेतला तो तात्या म्हणतील तो. दरवर्षी पावसाळा लागला की किनाऱ्यावर होड्या वर ओढतात, झापांखाली ठेवतात, त्यांच्या फटी बुजवतात, तेल देतात. तेव्हाच मीही माझा रेग्युलेटर तात्यांकडे नेऊन देतो. त्यांच्या पडवीत वर्तमानपत्रावर तो सुटा होऊन पडलेला असतो. बाहेर पाऊस, आत व्हिनेगरचा वास, आणि एकेक ओ-रिंग उजेडाला धरून बघणारे त्यांचे डोळे. नारळी पौर्णिमेच्या सुमारास ते तो परत देतात. त्याआधी एकदा स्वतः तोंडात धरून श्वास घेतात, आणि मगच माझ्या हातात ठेवतात.