पाळी अकाली गेली तर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली एक घरगुती बाई. आजवर मंडळाच्या कार्यक्रमात माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे आणि चहा करणे. आज चिटणीसबाईंनी मला बोलावयास उभे केले आहे, तेव्हा काही चुकले तर पदरात घ्यावे. विषय असा आहे की तो आपण चौघींत बोलत नाही, दोघींत बोललो तरी दार लावून बोलतो. म्हणूनच तो आज येथे काढावा असे मला वाटले.

मी माझ्या धाकट्या जावेची गोष्ट सांगणार आहे. तिच्या परवानगीने सांगते. ती आपल्यातच बसली आहे. तिनेच मला म्हटले, "अक्का, मी भोगले ते दुसरीने भोगू नये. सांगून टाका."

लग्नानंतर काही वर्षांनी, एकोणतीस वर्षांची असताना तिची पाळी चुकली. पॅडचा पुडा न फोडता तसाच फळीवर राहिलेला मी पाहिला आणि मला वाटले, दिवस गेले. मी तिला न विचारताच आत्याबाईंच्या कानावर घातले. घरात आनंद झाला, त्वरितादेवीला नारळ फोडून झाले, आणि मग दवाखान्यात कळले की तसे काही नाही. ती चूक माझी होती. त्यानंतर तिने काय करावे? पाळी येत नसतानाही ती दर महिन्याला चार दिवस बाजूला बसू लागली, म्हणजे कोणी काही विचारू नये. असे तिने आठ महिने केले. एका घरात राहून मला ते आठ महिने कळले नाही, ह्याची मला आजही लाज वाटते.

रात्री तिला घाम फुटे, अंगातून वाफा निघाल्यासारखे होई, झोप लागत नसे. बायका म्हणत, उष्णता आहे, सब्जा घे. शेवटी बीडच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तेथल्या बाई डॉक्टरांनी रक्त तपासले, सोनोग्राफी केली आणि सांगितले की हिचे अंडाशय वेळेआधीच थकले आहेत.

माझी भाची नर्सिंग शिकते. तिने मला हे सारे वाचून समजावून दिले, तसेच मी तुम्हाला सांगते. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात आयुष्यभराची स्त्रीबीजे असतात, दहा ते वीस लाख. पुढे त्यांत वाढ होते असे काही अजून पक्के सिद्ध झालेले नाही. वयात येईपर्यंत तीनचार लाख उरतात आणि साऱ्या जन्मात चारपाचशेच पिकून बाहेर पडतात. कणगी भरून दिलेली असते. रोज थोडे काढावयाचे आणि थोडे किडून जावयाचे. आपल्याकडे साधारण सेहेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास ती संपते व पाळी जाते. काही जणींची कणगी मात्र चाळिशीच्या आतच रिकामी होते, किंवा आत दाणे असूनही ते जागे होत नाहीत. पूर्वी म्हणत, शंभरात एक. अलीकडच्या पाहणीत शंभरात तीनचार असेही आढळले आहे. म्हणजे ह्या सभेतही एखादी असेल.

रक्तात काय पाहतात, तेही ऐका. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी आहे, ती अंडाशयाला हाक मारते. त्या हाकेचे नाव एफएसएच. अंडाशयाने ओ दिली नाही की ती अधिकाधिक मोठ्याने हाक मारते, म्हणून रक्तात एफएसएच वाढते. चाळिशीच्या आत चार महिने पाळी आली नाही किंवा फार अनियमित झाली आणि हा आकडा २५ च्या पुढे गेला, तर डॉक्टर ह्या दुखण्याचे निदान करतात. कारण कधी जन्मजात असते, कधी शरीर आपल्याच अंडाशयावर उलटते, कधी कर्करोगाच्या औषधांनी असे होते. पुष्कळदा कारण सापडतच नाही. पाप नाही, करणी नाही, आणि त्या बाईचा दोष तर मुळीच नाही.

आता मूळपेशींकडे येते, कारण आमच्या घरात खरी उलथापालथ त्यांच्यामुळे झाली. एका पाहुण्याने निरोप आणला की मोठ्या शहरात एक केंद्र आहे. तेथे कमरेच्या हाडातील मगज काढून त्यातील स्टेम सेल, म्हणजे मूळपेशी, अंडाशयात टोचतात आणि पाळी परत येते. खर्च दोन लाख चाळीस हजार. भाऊजी एक एकर कपाशीचे रान गहाण टाकावयास निघाले. जावेने पाटल्या काढून माझ्या हातात ठेवल्या.

मूळपेशी म्हणजे काय? मळलेल्या पिठाच्या गोळ्याची अजून भाकरी झालेली नसते, धपाटेही नाही. जे करू ते होईल. तशा ह्या पेशी. त्या खोट्या नाहीत. रक्ताच्या कर्करोगासारख्या काही रक्तविकारांत त्यांचा उपचार मान्यताप्राप्त आहे. अंडाशयासाठी मात्र अजून संशोधन चालू आहे. बहुतेक संशोधकांचे म्हणणे असे की, टोचलेल्या पेशी स्वतः स्त्रीबीज होत नाहीत. त्या काही द्रव्ये सोडतात, तेथला रक्तपुरवठा सुधारतात आणि निजलेली बीजे जागी करण्यास मदत करतात. चुलीत राखेखाली निखारा असला तर फुंकर घातल्याने जाळ होतो. निखाराच नसेल तर फुंकून डोळ्यांत राख तेवढी जाते.

हे काम दूर देशांतच चालते असे नाही. मुंबईत परळला प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तेथील डॉक्टर दीपा भारतीय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केले की, अंडाशयाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म मूळपेशी आढळतात. ते खरे ठरले तर कणगी पुन्हा भरण्याची वाट सापडेल. पुष्कळ शास्त्रज्ञांना हे अजून पटलेले नाही. वाद चालू आहे. शास्त्रात असेच चालते, त्यात कमीपणा नाही. २०१८ साली स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे बीजसाठा फार कमी झालेल्या १७ स्त्रियांना त्यांच्याच मूळपेशी दिल्या, त्यांत पाच गर्भधारणा झाल्या. त्याच वर्षी चीनमधील नानजिंग येथे नाळेतील मूळपेशी १४ जणींना दिल्या, दोघींना दिवस राहिले. ऐकून कोणाचीही आशा पालवेल.

पण येथेच थांबून विचार करावयाचा आहे. अकाली पाळी गेलेल्या शंभर जणींपैकी पाचएक जणींना काहीही उपचार न करता अधूनमधून पाळी येते व दिवसही राहतात. मग सुई टोचल्यावर एखादीला मूल झाले, तर ते सुईने झाले की आपसूक? दोन सारखे गट घेऊन, एकाला औषध देऊन व दुसऱ्याला न देऊन, बरीच वर्षे पाहिल्याशिवाय हे सांगता येत नाही. शिवाय चुकीच्या जागी पेशी वाढल्या, जंतू गेले, तर काय, हेही पाहावे लागते. १७ आणि १४ हे आकडे त्याला पुरत नाहीत.

म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे की, मान्य रक्तविकार वगळता मूळपेशी केवळ नोंदलेल्या संशोधनातच द्याव्यात; एरवी देणे हे गैरवर्तन होय. संशोधनात भाग घेणाऱ्या रोग्याकडून पैसे घ्यावयाचे नाहीत, असाही दंडक आहे.

भाचीने मला तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. आम्ही त्या केंद्रात गेलो तेव्हा मी ते वाचून दाखविले. ह्या प्रयोगाचा सरकारी नोंदवहीतील नंबर कोणता? नैतिक समितीची परवानगी कोठे आहे? हे संशोधन असेल तर आमच्याकडून पैसे कशाचे? समोरचा माणूस हसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्हाला मूल पाहिजे की कागद?" मी म्हटले, "दादा, कागद नसेल तर आम्ही जातो." भाऊजींचा चेहरा उतरला, पण ते उठले.

परतीच्या एस. टी. त माझी जाऊ खिडकीकडे तोंड करून रडत होती. म्हणाली, "अक्का, तुम्हाला लेकरे आहेत. माझी शेवटची आशा तुम्ही मोडली." त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दोन महिने ती माझ्याशी कामापुरतेच बोलली. भगिनींनो, शहाणपणाची गोष्ट केली म्हणजे घरात लगेच गोडवा येतो असे नाही, हे मी अनुभवाने सांगते.

पुढे बाई डॉक्टरांनी तिला गोळ्या सुरू केल्या. अंडाशय जे संप्रेरक करीत होते, ते बाहेरून द्यावयाचे. पाळी लवकर जाणे म्हणजे मूल न होणे एवढेच नव्हे. हाडे पोकळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. म्हणून एरवी जेव्हा पाळी जावयाची, त्या पन्नाशीच्या सुमारापर्यंत हे औषध बहुतेकींना देतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी झालेली असेल तर ते चालत नाही, तेव्हा डॉक्टरांना सारे सांगितले पाहिजे. दूध, नाचणी, तीळ, ऊन आणि चालणे हेही हवेच. मुलाची इच्छा असेल तर दुसऱ्या स्त्रीच्या बीजाचा मार्ग २०२१ च्या कायद्याने नियमांत आणला आहे, आणि दत्तकाचा मार्ग तर आहेच. काय करावयाचे ते त्या जोडप्याने ठरवावे, शेजारणींनी नव्हे.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. दिवाळीच्या सुमारास येथले कितीतरी संसार कोयता घेऊन कारखान्यावर जातात. उचल घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळीचे चार दिवस परवडत नाहीत, पोटात दुखते, अंगावरून जाते, आणि कोणीतरी सांगते, "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल." २०१९ साली विधान परिषदेत सांगण्यात आले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ पिशव्या काढल्या गेल्या. पुढे नीलम गोऱ्हे ह्यांच्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली आढळली. त्यांत पस्तिशी न ओलांडलेल्या कितीतरी होत्या.

पिशवीबरोबर अंडाशयही काढले, तर त्याच दिवशी बाईचे म्हातारपण सुरू होते. केवळ पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तरी ते पुष्कळदा एरवीपेक्षा लवकर थकतात. माझ्या जावेचे निसर्गाने गेले. ह्या बायांचे माणसांनी नेले. उद्या मूळपेशींचे संशोधन यशस्वी झाले, तरी काढून टाकलेल्या अंडाशयात फुंकर कोठे घालणार? २०१९ नंतर आपल्या जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही सर्व राज्यांना ह्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्यास सांगितले. नियम चांगले आहेत. पण दारात उभ्या असलेल्या बाईला तो नियम सांगणारी कोणीतरी पाहिजे.

ती कोणीतरी म्हणजे आपण. म्हणून मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवते. पहिली, कोणत्याही सुनेला "काही बातमी आहे का?" असे आपण विचारावयाचे नाही. मी न विचारताच बातमी केली होती, तिचे फळ तुम्ही ऐकलेच. दुसरी, चाळिशीच्या आत पाळी चार महिने थांबली, किंवा कोणी पिशवी काढावयास सांगितले, तर त्या बाईबरोबर मंडळातील एकीने सरकारी दवाखान्यात जावयाचे आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू द्यावयाची नाही. तिसरी, मूळपेशींच्या नावाने कोणी पैसे मागितले तर भाचीचे ते तीन प्रश्न विचारावयाचे. ते मी मोठ्या अक्षरांत लिहून मंडळाच्या फळ्याशेजारी लावले आहेत.

परळला काय, व्हॅलेन्सियाला काय, जे लोक ह्यावर खपत आहेत त्यांना यश येवो. ते औषध खरे ठरेल त्या दिवशी माझ्या जावेला घेऊन मी पहिल्या गाडीने जाईन, वय उलटले असले तरी विचारून येईन. तोवर रान आमचे आहे, पाटल्या तिच्या हातात आहेत, आणि ती आता महिन्याचे चार दिवस खोटेच बाजूला बसत नाही. आजचा चहा तिनेच केला आहे.