नेमाला घाबरणारा हात

आम्ही तळवड्याच्या बचत गटातून बोलतोय. आज हप्ता नाही, हिशोब नाही. आज गोष्ट आहे धनुष्यबाणाची.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बांबूच्या धनुष्यावर तिरंदाजी शिकते. छान चाललं होतं, मग एकाएकी बिघडलं. दोरी पुरती ओढायच्या आतच बाण सुटायचा, तिच्याही नकळत. कधी उलट व्हायचं. हात पिवळ्या गोलाच्या खालीच अडकायचा, वर सरकायचाच नाही. ताई कंपनीतली पहिली पाळी करून मैदानावर जायच्या आणि ओरडायच्या, "अगं, लक्ष कुठंय तुझं?" आम्हीही म्हणालो, मोबाइल काढून घ्या. शेवटी पोर रडली, "मला नकोच ते धनुष्य."

चूक आमची होती. या त्रासाला तिरंदाज 'टार्गेट पॅनिक' म्हणतात. तो मुरलेल्या खेळाडूंनाही होतो. हातात ताकद असते, नजरही ठीक असते. पण चुकण्याच्या धास्तीनं मन घाई करतं आणि गोल दिसला की सोडायचं, अशी बोटांना सवय लागते. दूध उतू जाईल म्हणून आपण उकळी यायच्या आतच गॅस बंद करतो ना, तसंच.

ऑलिंपिकच्या धनुष्याला क्लिकर नावाची पट्टी असते. बाण पुरेसा ओढला की ती 'टक्' वाजते, मग सोडायचं. बांबूच्या धनुष्याला अशी खूण नसते. ती मनातच तयार करावी लागते.

त्यावर उपाय असा. काही दिवस गोलाचा कागदच काढून टाकायचा. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, तीन-चार पावलांवरून, नुसत्या गवताच्या जाड पेंढीवर बाण मारायचे. गुण मोजायचे नाहीत. दोरी पुरी ओढायची, हात गालाशी टेकवायचा, मनात तीन आकडे म्हणायचे, मगच सोडायचं. मधूनमधून बाण न सोडता दोरी हळूच परत आणायची. त्यानं मनाला कळतं, की ओढलं म्हणजे सोडलंच पाहिजे असं नाही. मात्र बाण न लावता दोरी कधी सोडू नका, धनुष्य फुटतं. हात थांबायला लागला की मोठा कागद जवळ लावायचा, मग थोडं थोडं मागे सरकायचं. पुन्हा घाई झाली तर परत जवळ यायचं. यात कमीपणा नाही.

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये १७व्या वर्षी जगज्जेती झाली. तिचं धनुष्य वेगळं, कंपाउंड. अंतर ५० मीटर आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं ८ सेंटिमीटरचं, चहाच्या बशीहून लहान. अंतिम सामन्यात तिला १५० पैकी १४९ गुण मिळाले. असा हात कुणाच्या ओरडण्यानं स्थिर होत नाही.

आमची मुलगी दोन महिने पेंढीसमोरच उभी राहिली. परवा कागद लावला, तर दोन बाण लवकर सुटले. ताई काही बोलल्या नाहीत. पोरगी स्वतःच चार पावलं पुढे आली आणि पुन्हा सुरुवात केली.

तुमच्या वस्तीतली मुलगी खेळ सोडते म्हणाली, तर रागावण्याआधी एवढं विचारा, "बाई गं, हात कुठं अडतो?"